आगाशेबाईंची प्रार्थनेची पेटी

नाना पेठेतल्या मुलींच्या एका शाळेत आगाशेबाई गणित शिकवत. नाव मंदाकिनी, पण त्या नावाने हाक मारणारं माणूस आता पुण्यात उरलं नव्हतं. आईवडील गेलेले, लग्न केलेलं नाही, आणि शाळेत मुख्याध्यापिकेपासून शिपाईणबाईंपर्यंत सगळ्यांना त्या आगाशेबाईच. पानशेतच्या पुरात शनिवार पेठेतलं बिऱ्हाड वाहून गेलं, तेव्हापासून त्या स्वारगेटच्या मागे एका सोसायटीत दोन खोल्यांत राहत. शाळेत चालत येत आणि चालत जात. रिक्षात बसून घाम वाचतो, पण रिक्षावाल्याशी बोलावं लागतं, असं त्यांचं म्हणणं.

उदाहरण चुकलेल्या मुलीवर बाई कधी ओरडल्या नाहीत. "बसा. देवाने सगळ्यांना सगळं दिलेलं नसतं," एवढंच म्हणत. त्यापेक्षा एक धपाटा परवडला असता, असं मुली मधल्या सुटीत म्हणत.

त्या काळी त्या शाळेत आठवीच्या शेवटी मुलींना बीजगणित-भूमिती सोडून त्याऐवजी गृहशास्त्र घेता येई. त्यासाठी एक छापील अर्ज असे आणि त्यावर गणिताच्या बाईंची सही लागे. दर फेब्रुवारीत आठ-दहा मुली तो अर्ज घेऊन बाईंच्या टेबलाशी उभ्या राहत. बाई सही करून टाकत. त्यात त्यांचा दुष्टावा नव्हता हो. ज्याला जे जमत नाही ते त्याच्या गळ्यात मारू नये, असं त्यांना अगदी मनापासून वाटे. आपण मुलींवर उपकारच करतो, अशी त्यांची वीस वर्षांची समजूत होती.

१९७१च्या एप्रिलमध्ये गाण्याच्या श्यामलाबाई निवृत्त झाल्या. शिक्षिकांच्या खोलीत निरोपसमारंभ झाला, शाल दिली, नारळ दिला, संगीत ही केवढी कठीण साधना आहे यावर तीन भाषणं झाली. तिसरं संपल्यावर आगाशेबाई शेजारणीला म्हणाल्या, "सूर सातच की. आमच्याकडे आकडे दहा आहेत, तरी आम्हाला कुणी शाल देत नाही."

त्या म्हणाल्या हळूच, पण खोली लहान होती. मुख्याध्यापिका कुसुमताई मोघे यांनी चष्म्यावरून बघितलं. गाण्याच्या बाईंची जागा संस्था इतक्यात भरणार नव्हती आणि रोज अकराच्या प्रार्थनेला पेटी कुणी वाजवायची हा कुसुमताईंना घोर होताच.

"छान झालं," कुसुमताई म्हणाल्या. "जूनपासून प्रार्थनेची पेटी तुमच्याकडे. तीन आकडे कमीच आहेत."

पुण्यात टोमणा मारणाऱ्याला टोमणा झेलावाही लागतो. बाईंनी मान हलवली. सुटीत शाळेची पेटी घरी नेली, शिकण्याचं एक पुस्तक आणलं आणि गणिताच्या माणसाने जे केलं असतं तेच केलं. कागदाचे बारके चौकोन कापले, त्यावर एक ते सात आकडे घातले आणि पेटीच्या पांढऱ्या पट्ट्यांवर खळीने चिकटवले. प्रार्थनेची ओळनओळ आकड्यांत लिहून काढली. मे अखेरीस त्यांना ती पाठ झाली. हे एवढंच होतं होय, असं त्यांना वाटलं.

जूनमध्ये पहिल्या दिवशी बाईंनी पांढरी एकपासून सुरुवात केली. श्यामलाबाई काळी चारपासून वाजवत, म्हणजे चौथ्या काळ्या पट्टीला सा धरून, आणि मुलींचे गळे त्या उंचीला बसलेले. ही नवी पट्टी इतकी खालची होती, की विहिरीत बादली सोडावी तसे पाचवीच्या पोरींचे आवाज खाली खाली गेले आणि दुसऱ्या ओळीला दिसेनासे झाले. मोठ्या मुलींनी उडी मारून आपली नेहमीची पट्टी धरली. मग पेटी एकीकडे आणि प्रार्थना दुसरीकडे, अशा दोघी आपापल्या वाटेने शेवटाला पोचल्या.

बाई डगमगल्या नाहीत. मुलींना उंच सूर हवा आहे ना? मग सगळे चौकोन उचलून पाच पट्ट्या उजवीकडे चिकटवावेत, झालं. रात्रभर खळ वाळू दिली. दुसऱ्या दिवशी सहाव्या पांढरीवरून प्रार्थना सुरू झाली आणि काय झालं कुणालाच कळेना. शब्द तेच, आकडे तेच, पण चाल अशी रडवेली झाली, की कुणीतरी वारलंय आणि आपण दोन मिनिटं उभं राहायला जमलोय असं वाटावं. पहिल्या रांगेतल्या मुलींनी नकळत माना खाली घातल्या. कुसुमताई घाईघाईने ऑफिसातून बाहेर आल्या आणि शिपाईण सरुबाईंना त्यांनी हळूच विचारलं, "कोण गेलं हो?"

बाईंनी निष्कर्ष काढला, की पेटी बिघडली आहे. संध्याकाळी सरुबाईंच्या मदतीने त्यांनी ती रिक्षात घातली आणि घोरपडे पेठेतल्या अमीनभाईंच्या दुकानात नेली. पेट्या दुरुस्त करणारं ते जुनं दुकान. अमीनभाई बाहेरगावी गेले होते. आत त्यांची बायको नूरबानू बसली होती. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची, डोक्यावरून पदर, हातात बारीक कानस. पेटीतल्या पितळी पत्त्या एकेक घासायच्या, कानाशी वाजवून बघायच्या, पुन्हा घासायच्या, हे तिचं काम. सूर लावण्यात नवऱ्यापेक्षा तिचा कान पक्का, हे अमीनभाई स्वतःच गिऱ्हाइकांना सांगत.

तिने बाईंकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग पेटी उघडली, भाता तपासला, सगळे सूर वाजवले.

"पेटीला काही झालेलं नाही, बाई."

"असं कसं? कालपर्यंत बरी होती. मी सगळं मोजून पाच पट्ट्या सरकवलं."

नूरबानूने कागदाच्या चौकोनांकडे बघितलं, आणि ती हसेल असं वाटून बाईंनी मान ताठ केली. ती हसली नाही.

"काळ्या मोजल्याच नाहीत तुम्ही," ती म्हणाली. "दोन पांढऱ्यांच्या मधे कुठे काळी आहे, कुठे नाही. म्हणून सगळं अंतर सारखं नसतं. तुम्ही पांढऱ्याच धरल्यात."

बाईंच्या कानाच्या पाळ्या तापल्या. अशी चूक आठवीतल्या मुलीने केली असती, तर त्यांनी तिला 'बसा' म्हटलं असतं.

"शाळा सुटली की येत जा," नूरबानू म्हणाली. "अर्धा तास. मी दाखवीन." फी विचारली तर तिने ऐकूच आलं नाही असं दाखवून पेटीचं झाकण लावलं.

मग पावसाळा गेला, दिवाळी गेली. आठवड्यातून चार दिवस बाई दुकानातल्या लाकडी स्टुलावर बसत आणि नूरबानू पत्त्या घासता घासता ऐके. चौकोन निघाले, खळीचे डाग राहिले. काळी चारचा सा काही केल्या बोटाखाली टिकेना. उजव्या हाताकडे लक्ष दिलं की डावा हात भाता मारायचा थांबे आणि पेटी दम लागल्यासारखी गप्प होई. डाव्याकडे लक्ष दिलं की उजवा भलतीकडे जाई. अठ्ठेचाळीस वर्षांच्या बाईंना जन्मात पहिल्यांदा असं काहीतरी भेटलं होतं, जे समजलं तरी येत नव्हतं. समजणं आणि येणं यांत फरक असतो, हे त्यांनी कधी विचारातच घेतलं नव्हतं.

नूरबानूची एक सवय होती. बाई अडल्या की ती चूक दुरुस्त करत नसे. कानस खाली ठेवून विचारी, "का अडलं?" बाई म्हणत, "येत नाही म्हणून." ती म्हणे, "ते झालंच. पण का?" मग शोधावं लागे. अंगठा आडवा येतोय, पुढची ओळ आठवून घाई होतेय, मागची चूक मनात राहिली आहे. कारण सापडेपर्यंत नूरबानू थांबे. तिला कधी घाई नसे.

शाळेत मात्र सगळ्यांनाच घाई. आठवीतली उल्का नावाची मुलगी प्रार्थना सांगायला पुढे उभी असे. पेटी अडली की ती ओठ मुडपून हसू दाबी, आणि तिचे खांदे हलले की मागच्या चार रांगा हलत. पुढे पुढे मुली पेटीची वाटच बघेनाशा झाल्या. आपल्या आपण सुरू करत आणि बाई मागून येऊन कुठेतरी गाडी पकडत. "बाई, मनावर घेऊ नका," सरुबाई म्हणाल्या. "आमच्या ह्यांची सायकलपण अशीच अडती. उतरायचं, ढकलायचं, पुन्हा बसायचं." बाईंना त्यांचा राग आला, आणि नंतर घरी गेल्यावर रडूही आलं.

सव्वीस जानेवारीला पाहुणे म्हणून शिक्षण खात्यातले एक साहेब आले होते. बाईंनी आदल्या आठवड्यात रोज घरी टेबलाच्या कडेवर बोटं चालवली होती. ऐन वेळी दुसऱ्या कडव्याला बोटं घसरली, मग भाता थांबला, आणि राहिलेली प्रार्थना मुलींनी पेटीशिवाय म्हटली. भाषणात साहेबांनी हसत हसत म्हटलं, की या शाळेत पेटीलासुद्धा प्रजासत्ताक दिनाची सुटी मिळते, हे पाहून आनंद झाला. चारशे मुली हसल्या. शिक्षिकाही हसल्या. टोमणा चांगला होता, हे बाईंनाही कळलं. असे त्यांनी स्वतः कितीतरी मारले होते.

त्यांनी ठरवलं, की हे सोडायचं. पण ठरवून मोकळं होता येईना. सोडलं तर उद्यापासून स्टाफरूममध्ये मान वर करून बसता येणार नाही, आणि धरून ठेवलं तर रोज अकरा वाजता पुन्हा तेच हसं. पंधरा दिवस असेच गेले. शेवटी एका गुरुवारी मधल्या सुटीत त्यांनी कुसुमताईंच्या नावे चार ओळींचं पत्र लिहिलं: प्रकृतीच्या कारणास्तव प्रार्थनेच्या पेटीतून मला मोकळं करावं. त्याच दुपारी गृहशास्त्राचे अर्ज घेऊन मुली आल्या आणि त्याच पेनने बाईंनी चार सह्या केल्या.

पत्र द्यायच्या आधी नूरबानूला सांगावं, असं त्यांना वाटलं. आठ महिने फुकट शिकवणाऱ्या बाईला न सांगता बंद करणं बरं दिसत नाही. खरं म्हणजे तिने 'सोडून द्या' म्हणावं, अशी त्यांची इच्छा होती. दुसऱ्याने म्हटलं की ओझं हलकं होतं.

दुकानात अमीनभाई पुढे गिऱ्हाइकाशी बोलत होते. नूरबानू आत होती. बाई स्टुलावर बसल्या, पण पेटीकडे वळल्या नाहीत. पत्र काढून त्यांनी तिच्या हातात दिलं. तिने ते सावकाश वाचलं.

"तुम्हीच सांगा," बाई म्हणाल्या. "स्पष्ट सांगा, मला वाईट वाटणार नाही. मला जमण्यातलं नाही ना हे? देवाने सगळ्यांना सगळं दिलेलं नसतं."

नूरबानूने पत्राची घडी घातली. "हे तुम्ही मलापण म्हणाला होतात," ती म्हणाली.

"कधी?"

"आठवीत. अठ्ठावन साली. खिडकीकडचा तिसरा बाक. नूरबानू तांबोळी." ती जरा हसली. "मला वाटलं होतं, ओळखाल कधीतरी."

बाईंनी आठवून बघितलं. खिडकी आठवली, बाक आठवला. बाकावर कुणी बसलेलं आठवेना.

"मला तू आठवत नाहीस," त्या म्हणाल्या. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती.

"कशी आठवेन? मी कधी बोललेच नाही. त्या वर्षी अम्मी आजारी होती, मी महिनाभर शाळेला आले नव्हते. परत आले तर फळ्यावर क्ष होता. तो कुठून आला, कशाला आला, काहीच कळेना. उदाहरण चुकलं, तुम्ही तेच वाक्य म्हणून बसवलंत. विचारायची हिंमत नव्हती. मग फेब्रुवारीत तो अर्ज घेऊन तुमच्याकडे आले."

"आणि मी सोड म्हणाले."

"नाही, तसं नाही म्हणालात. तुम्ही सही केलीत. पेन हातातच होतं तुमच्या. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही." तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तो असता तर बाईंना सोपं गेलं असतं. "मी घरातून ठरवून आले होते, बाईंनी 'का' विचारलं की सगळं सांगायचं. अम्मीचं, महिन्याचं, त्या क्षचं. सही झाल्यावरपण मी दारात थोडी थांबले. पण मागे दुसरी मुलगी उभी होती."

बाहेर अमीनभाई कुठलीतरी पेटी वाजवून दाखवत होते.

"मग गृहशास्त्र केलंस?" बाईंनी विचारलं.

"कुठलं? अब्बांनी अर्ज वाचला. म्हणाले, स्वयंपाक आणि शिवणच शिकायचं तर त्याला शाळा कशाला, घरात आहेच की. नववीत गेलेच नाही मी."

बाईंना उठून जावंसं वाटलं. वीस वर्षांचे फेब्रुवारी त्यांच्यासमोर येऊन उभे राहिले, आणि आज दुपारच्या चार सह्याही. त्यातल्या एकाही मुलीचं तोंड त्यांना आठवत नव्हतं. दोन शब्द म्हणायचे होते, ते बाहेर पडेनात. ते शब्द बोलायची सवय नसली, की तोंडाला वळणच नसतं.

"तरी तू मला शिकवलंस," त्या कशाबशा म्हणाल्या.

"तुम्ही पेटी घेऊन आलात त्या दिवशी मला आधी बरं वाटलं, बाई. खोटं का बोलू? म्हटलं, बघा, आता कसं वाटतं. मग तुमचे ते कागदाचे तुकडे बघितले. किती नीट कापले होते. म्हटलं, ह्यांना कुणीतरी 'का' विचारायला पाहिजे." तिने पत्र परत त्यांच्या हातात दिलं. "तर सांगा आता. का सोडताय?"

"प्रकृती," बाई म्हणाल्या आणि थांबल्या. नूरबानू वाट बघत होती, रोज बघायची तशी.

"हसतात," बाई म्हणाल्या. "पोरी हसतात. मला सहन होत नाही."

"सूर येत नाही म्हणून नाही?"

बाईंनी खरोखरच विचार केला. "नाही. सूर येईल. उशिरा येईल, पण येईल. पहिलं कडवं आलंच आहे की मला."

"मग ते सोडायचं कारण झालं का?"

बाईंनी पत्राची घडी पिशवीत ठेवली. मग एकदम म्हणाल्या, "नूरबानू, मी तुला शिकवते. बीजगणित. रोज अर्धा तास, इथेच. क्षपासून सुरू करू. बाहेरून बसून मॅट्रिक देता येते."

नूरबानूने मान हलवली. तिचे डोळे भरले होते, पण ती हसत होती.

"नको, बाई. तेव्हा फार पाहिजे होतं. आता दुकान आहे, दोन पोरं आहेत, रात्री मान दुखते. माझं राहिलं ते राहिलं. तुमचं का राहावं?" तिने कानस उचलली. "दुसरं कडवं घ्या."

बाईंनी दुसरं कडवं घेतलं. चुकलं. पुन्हा घेतलं. अंधार पडेपर्यंत त्या तिथेच होत्या, आणि नूरबानूने तेवढ्या वेळात एकदाही 'का' विचारलं नाही.

शुक्रवारी सकाळी बाई शाळेत लवकर आल्या. ऑफिसातून कालचे चार अर्ज त्यांनी परत मागून घेतले आणि त्या चौघींना मधल्या सुटीत एकेकीला भेटायला बोलावलं. त्यांत उल्काचाही अर्ज होता. पत्र त्यांनी कुसुमताईंना दिलं नाही.

अकरा वाजता घंटा झाली. चारशे मुली पटांगणात उभ्या राहिल्या. बाईंनी काळी चार धरली आणि मुलींनी सुरू करायच्या आत सुरू केलं. पहिलं कडवं नीट गेलं. दुसऱ्याच्या मध्यावर अंगठा आडवा आला आणि बोट भलत्याच पट्टीवर पडलं. मोठ्याने, अगदी शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं. उल्काचे खांदे हलायला लागले. मुली सवयीने पेटीला सोडून पुढे निघाल्या.

बाईंनी भाता बंद केला आणि हात वर केला. "थांबा," त्या म्हणाल्या.

मुली थांबल्या. बाई उभ्या राहिल्या. त्यांना सगळ्या रांगा दिसत होत्या, आणि त्या पहिल्यांदाच एकेक तोंड बघत होत्या. खिडक्यांच्या बाजूला उभ्या असलेल्या गप्प मुलींची तोंडंसुद्धा.

"माझं चुकलं," आगाशेबाई म्हणाल्या.

एवढं म्हणायला त्यांना बराच वेळ लागला आणि म्हणताना आवाज फुटला. एका चुकलेल्या सुरासाठी बाईंच्या डोळ्यांत पाणी का आलं, हे मुलींना कळलं नाही. पण पटांगणात कुणी हसलं नाही. बाईंनी चष्मा पुसला, खाली बसल्या, दुसऱ्या कडव्याच्या सुरुवातीला गेल्या, आणि चारशे मुली त्यांच्यासाठी थांबून राहिल्या.

संध्याकाळी घोरपडे पेठेत गेल्यावर स्टुलावर बसायच्या आधी त्यांनी तेच दोन शब्द पुन्हा म्हटले. या वेळी जिला म्हणायचे होते तिला म्हटले.